टाचदुखी: सुया टोचून घ्याव्यात की व्यायामच बरा?

सकाळी पलंगावरून पाय टेकवला की टाचेत कळ, चार पावलं चाललं की जरा बरं, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. असं असेल तर बहुतेक वेळा प्लांटर फॅसायटिस असतो, म्हणजे तळपायातला जाड पट्टा दुखावलेला असतो. एक्स-रे बघून 'हाड वाढलंय' म्हणाले तरी धसका घेऊ नका. काहीच न दुखणाऱ्यांच्या टाचेतही ते सापडतं.

व्यायामाला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे, असं दहा वेळा. मग पायरीच्या कडेवर चवडे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, आणि टाचा सावकाश वर-खाली, दिवसाआड. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या अभ्यासात टाचा उचलणाऱ्यांना तीन महिन्यांनी नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. वर्षाने मात्र दोघं जवळपास सारखेच. घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद, एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल चालू, हे धरूनच.

अ‍ॅक्युपंक्चरचे अभ्यास छोटे आहेत, पण अगदीच पोकळ नाहीत. एका चाचणीत सुई टाचेत नव्हे, मनगटाच्या घडीवरच्या 'दालिंग' बिंदूत टोचली. दुसऱ्या बिंदूत टोचलेल्यांपेक्षा महिन्याभराने सकाळची कळ कमी होती. ऑस्ट्रेलियात ८४ जणांवर ड्राय नीडलिंग करून पाहिलं. ही अ‍ॅक्युपंक्चरची चुलत बहीण, सुई थेट दुखऱ्या स्नायूत जाते. खोट्या, म्हणजे कातडीत न शिरणाऱ्या सुयांपेक्षा फरक पडला, पण थोडाच, आणि टोचताना दुखल्याची तक्रार बऱ्याच जणांची होती.

स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर गुण देतं, पण तो काही आठवडेच टिकतो. पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोकाही असतो. लग्नकार्य तोंडावर आलंय म्हणून ते घेऊ नये, असं माझं मत.

मी आधी व्यायामच धरेन. कळीमुळे तोही जमत नसेल, तर जोडीला सुयांच्या पाच-सहा बैठका. तेवढ्यात फरक नसेल तर पुढचं पॅकेज घ्यायचं नाही. सुई सीलबंद पाकिटातून समोर काढलेली हवी. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल किंवा टाच सुजली असेल, तर सुया राहू द्या, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.