अपुचर एमसी: ५ वॅटकडून काय मागावं

अपुचर एमसी हा व्हिडिओ शूटिंगचा छोटा एलईडी लाइट. पानाच्या डब्याएवढा आकार, वजन १३० ग्रॅमच्या आसपास आणि ताकद फक्त ५ वॅट. हा शेवटचा आकडा विसरून एमसी घेतला की नंतर कुरकुर ठरलेली. १ मीटरवर उजेड साधारण १०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप). २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ ८०० आणि एफ २.८ ठेवलं तर चेहरा जेमतेम उघडतो. अर्ध्या मीटरवर आणला की ४०० लक्स, दोन मीटरवर नेला की २५. मांडवातल्या हॅलोजनपुढे तो काजवाच. देवगिरी किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या काळोख्या वाटेत भिंती उजळायच्या असतील तर हा नेऊ नका (परवानगीची भानगड वेगळीच). जीपमध्ये बसलेला माणूस, चेहऱ्याची एक कड, देवघरातला कोपरा एवढंच याचं काम. बॅगेत एकही मोठा लाइट नसेल तर आधी ६० वॅटचा घ्या, एमसी मागाहून.

खरी किंमत आहे ती पांढऱ्या उजेडाची. ३२०० (पिवळसर) ते ६५०० (निळसर) केल्विन, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९६ च्या घरात. कागदावरच्या आकड्यांपेक्षा सोपी परीक्षा म्हणजे लाइटपुढे पैठणी, हळद आणि कुंकू धरणं. स्वस्त लाइटखाली कुंकू विटकरी दिसतं, हळदीला हिरवट झाक येते. इथे दोन्ही आपल्या रंगावर राहतात.

रंगाच्या मोडमध्ये गेलात की मात्र हे सगळं विसरा. तिथे लाल, हिरवे आणि निळे एलईडीच रंग बनवतात, मधल्या रंगांना जागाच उरत नाही. लाल उजेड पूर्ण गडद केला की मुनिया काठातले हिरवे पोपट काळे पडतात, कारण त्या धाग्याला परतवायला हिरवा उजेडच मिळत नाही. मग ग्रेडिंगमध्ये (एडिटच्या वेळी रंग सुधारताना) कितीही ओढा, ते पोपट परत येत नाहीत. शिवाय कॅमेऱ्याचा लाल चॅनल एकटाच फुटतो (मर्यादेबाहेर जातो) आणि गालाचा पोत जाऊन सपाट डाग उरतो. सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) ७०-८० वर आणा, एक्स्पोजर थोडं खाली ठेवा. त्याहून बरं म्हणजे रंग मागच्या पडद्यावर टाकावा, नवरीवर पांढरा.

चांदणं हवं असेल तर निळा रंग निवडूच नका. लाइट ६५०० वर, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४३०० च्या आसपास. निळसरपणा येतो आणि कातडी मेलेली दिसत नाही.

तुळजापूरकडच्या गोंधळात अडचण उलटी. दिवटीची ज्योत २००० केल्विनच्या आसपास असते, एमसी पांढऱ्यात ३२०० खाली उतरत नाही. म्हणून लाइटवर सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावा, किंवा रंगाच्या मोडमध्ये ह्यू (रंगाचा आकडा) ३० जवळ ठेवून सॅच्युरेशन डोळ्यांनी जुळवा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर पक्का करा. ऑटोवर राहिला तर संबळ तापायच्या आत ज्योत पांढरी झालेली असते.

फुटेजमध्ये पट्टे हलताना दिसले तर आधी एमसीला शिव्या घालू नका, मांडवातल्या माळा बंद करून पाहा. ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा भागतं. स्लो मोशनचा शॉट माळांपासून दूर घ्या.

पाठीचे चुंबक पत्र्याच्या छताला, लोखंडी अँगलला, जीपच्या दाराला घट्ट धरतात. पण मांडवाचा ट्रस (सांगाडा) बहुधा अॅल्युमिनियमचा असतो, तिथे ते चिकटणारच नाहीत. वेळूला तर नाहीच. लोखंडी पट्टी आणि गाफर टेप (शूटिंगची मजबूत कापडी चिकटपट्टी) सोबत ठेवा. डीजेच्या भिंतीवर लाइट लावायचा मोह आवरा, दणक्यानं तो सरकत सरकत खाली येतो. लाइट मोबाईलवरून चालवायचं अॅप घरीच उतरवून सगळे लाइट जोडून ठेवा; ऐन मुहूर्तावर नेटवर्क शोधत बसण्यापेक्षा लाइटवरचं चाक फिरवणं परवडतं.

पूर्ण उजेडावर बॅटरी सुमारे दोन तास चालते. एकट्या हळदीलाच तेवढा वेळ जातो, म्हणून टाइप-सी केबल आणि पॉवर बँक हवीच. मोबाईलच्या वायरलेस पॅडवरही चार्ज होतो. मे महिन्यात मात्र बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज केली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, आणि परभणीच्या उन्हात गाडीचा पारा तिथवर पोचायला अर्धा तासही लागत नाही. सावलीत गार होऊ द्या, मगच केबल लावा.