जंगलाचा सातबारा वाचायला शिकवणारी वनफेरी

पुण्याहून मुळशी-ताम्हिणीकडे जाणाऱ्या निसर्गसहलींचा भर साधारणपणे धबधबे, पक्षी आणि छायाचित्रे यांवर असतो. एका लहान निसर्गभ्रमण गटाने मे महिन्याच्या अखेरीस आयोजित केलेल्या ज्या वनफेरीविषयी येथे लिहीत आहे, तिचा विषय मात्र वेगळा होता. या डोंगरउतारांवर माणसांनी पूर्वी काय काय केले आणि त्यामुळे आज कोठे कोणती झाडे उभी आहेत, हे प्रत्यक्ष जमिनीवर दाखवणे हा तिचा हेतू होता, आणि एक महत्त्वाचा आक्षेप वगळता तो उत्तम साधला आहे.

मार्गदर्शक म्हणून वनस्पतिशास्त्राच्या एक अभ्यासक होत्या आणि त्यांच्या जोडीला गावातले एक वयस्कर शेतकरी होते, ज्यांना सगळे मामा म्हणत. या जोडीमुळेच फेरीला खरे मोल आले आहे. पहिला मोठा थांबा वरवर घनदाट भासणाऱ्या रानात होता. मामांनी उक्षीच्या जाळ्या बाजूला सारताच दगडी बांध दिसला, मग त्याच्या खाली दुसरा आणि तिसरा. ही एके काळची नाचणी-वरईची शेते होती. तेथील ऐन आणि किंजळ ही झाडे जवळजवळ एकाच घेराची होती, खाली करवंद, धायटी आणि रानमोडी माजलेली होती. अभ्यासक बाईंनी ऐनाचे वाळलेले फळ उचलून त्याचे पाच पंख प्रत्येकाच्या हातावर ठेवून दाखवले. नांगर थांबल्यावर उघड्या जमिनीत प्रथम पोहोचतात ती अशी वाऱ्यावर उडणारी बीजे, आणि मग अनेक दशके त्याच झाडांचे राज्य राहते.

त्याच उतारावर काही ऐन चमत्कारिक आकाराचे होते. खोड जाडजूड, पण डोक्याच्या उंचीवर गाठीच गाठी, आणि प्रत्येक गाठीतून फुटलेल्या बारीक फांद्या. राबासाठी वर्षानुवर्षे फांद्या तोडल्याच्या या खुणा आहेत. भाताचा तरवा, म्हणजे रोपे, टाकण्यापूर्वी फांद्या, पाला आणि शेण पसरून जमीन भाजण्याची ही राबाची पद्धत वाचकांना ठाऊक असेलच, परंतु त्या पद्धतीने रानाची निवड केली हे येथे डोळ्यांना दिसते. तोडल्यावर पुन्हा फुटणारी झाडे टिकली, न फुटणारी हळूहळू नाहीशी झाली. “ताई, कुणाच्या राबाला कुठला ऐन, हे आमच्या आजाच्या वेळी ठरलेलं असायचं,” असे मामांनी सांगितले. थोडे पुढे अंजनीच्या एकेका बुंध्यातून चार-पाच खोडे निघालेली दिसली. तो कोळशासाठी झालेल्या तोडीचा पुरावा. मुळशी धरणाचा उल्लेखही येथेच आला. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह सर्वांना माहीत असतो, मात्र खोऱ्यातली सुपीक खाचरे पाण्याखाली गेल्यावर वरच्या उतारांवर शेतीचा आणि सरपणाचा जो भार पडला, त्याचा जंगलाच्या अंगाने विचार सहसा होत नाही. या विषयावर आणखी वेळ द्यायला हवा होता.

देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, शेवटच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरीही आत शिरताच वनस्पतींचा सगळा संच बदलतो. प्रचंड बेहडे, भेरली माड, आंबे आणि जांभळी, त्यांच्यावरून झुलणारी गारंबीची वेल व तिच्या हातभर लांब शेंगा, जुन्या सालींवर आमरी, आणि पायाखाली पालापाचोळ्याची मऊ, काळी माती. बाईंनी बांधावरची आणि राईतली माती शेजारी शेजारी ठेवली तेव्हा फरक समजावून सांगण्याची गरज उरली नाही. इतक्या जवळ असूनही ही झाडे पडीक शेतात का उतरत नाहीत, या प्रश्नावर त्यांनी केलेले विवेचन हा फेरीचा सर्वांत समृद्ध भाग होता. मोठी फळे वाहून नेण्यास धनेश किंवा उदमांजर लागते. जांभळासारखे बी वाळले की थोड्याच दिवसांत निर्जीव होते. धूप झालेल्या, तापलेल्या मातीत ते रुजत नाही. आणि रुजलेच तर उन्हाळ्यातला वणवा रोप खाऊन टाकतो. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, त्याचाही संदर्भ आला. राई म्हणजे माणसाचा स्पर्शच न झालेले रान, असा भाबडा समज बाईंनी पसरवला नाही, याचे मला विशेष समाधान वाटले. तेथेही माणसांचा वावर होता, फक्त कुऱ्हाडीला आणि नांगराला बंदी होती.

आता आक्षेप. परतीच्या वाटेवर सर्वांच्या हाती बीजगोळे, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, देण्यात आले आणि ते मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, टाकायला सांगण्यात आले. दिवसभर जे शिकवले त्याच्याशी हे पूर्णपणे विसंगत आहे. सडा उघडा आहे म्हणजे तो उजाड झालेला नाही. कातळावरच्या पातळ मातीत पावसाळ्यात उगवणाऱ्या गेंद आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पतींचे ते हक्काचे घर आहे, आणि तेथे झाडे रुजवण्याचा प्रयत्न म्हणजे एक विविधता पुसून दुसरी लादणे होय. आयोजकांनी हा कार्यक्रम ताबडतोब बंद करावा. हौसच असेल, तर देवराईला लागून असलेल्या पडीक बांधांवर, गावाच्या संमतीने, त्याच राईतल्या ताज्या जांभळाच्या बिया लावाव्यात आणि वणव्यापासून त्यांची राखण करावी.

माणशी १४०० रुपयांत प्रवास, मार्गदर्शन आणि मामांच्या घरचे भाकरी-पिठल्याचे जेवण मिळते. ते रास्त आहे. चढ सोपा आहे, पण बराच वेळ एकेका जागी उभे राहावे लागते, म्हणून लहान मुलांना कंटाळा येऊ शकतो. नोंदणी करताना मामा सोबत असतील ना, एवढे अवश्य विचारून घ्यावे.