सेकंडहँड वॅगनआर सीएनजी: काही महिने वापरल्यानंतर, किलोमीटरमागच्या खऱ्या हिशोबासह

गाडी: मारुती वॅगनआर 1.0 एलएक्सआय, कंपनी फिटेड सीएनजी, 2010 ते 2018 या काळात विकली गेलेली दुसरी पिढी. वापर: पुणे शहरात रोजचं ऑफिस, अधूनमधून खंबाटकी घाट ओलांडून सातारा-कोल्हापूर, महिन्याला साधारण हजार किलोमीटर. खाली दिलेले पार्ट्सचे आणि मजुरीचे आकडे पुण्याच्या आसपासचे, अंदाजे आहेत. गावाप्रमाणे फरक पडेल.

आधी गाडी हीच का, ते सांगतो. 998 सीसीचं तीन सिलिंडरचं के-10 इंजिन, त्यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. सीसी हजारच्या आत असल्यामुळे थर्ड पार्टी इन्शुरन्स 2022 च्या दरांनुसार वर्षाला 2094 रुपये अधिक जीएसटी. हजारच्या वर दोनशे सीसी जास्त असलेल्या गाडीला तोच 3416 होतो. पार्ट्स तालुक्याच्या दुकानातही मिळतात आणि हे इंजिन न उघडलेला मेकॅनिक सापडणं कठीण. जुन्या गाडीत हीच खरी बचत असते. बारा वर्षं जुनी परदेशी ब्रँडची सेडान याच पैशात मिळते, पण तिचा हेडलाइट फुटला की तोच पार्ट शोधत महिना जातो.

आता किंमत. 2014-15 ची चांगली सीएनजी वॅगनआर अडीच ते सव्वातीन लाखांत फिरते. जाहिरातीत चाळीस हजारांनी स्वस्त गाडी दिसली की लगेच टोकन देऊ नका, आधी कागद-पेन घ्या. चार टायर 12 हजार. क्लचप्लेट सेट मजुरीसह साडेसहा. एसीची कूलिंग कॉइल लीक असेल तर सात. पुढचे आर्म, बुश, लिंक रॉड मिळून सहा. बॅटरी चार. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, अडीच. संपलेला इन्शुरन्स (नुसता थर्ड पार्टी नाही, पूर्ण) सात. झाले 45 हजार, आणि गाडी अजून पहिल्या सर्व्हिसिंगलाही गेलेली नाही. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना विक्रेत्याने सांगितलेला भाव अधिक पहिल्या सहा महिन्यांचा खर्च अशीच करावी. तीन लाखांची, नवे टायर आणि चालू इन्शुरन्स असलेली गाडी दोन साठच्या गाडीपेक्षा स्वस्त निघू शकते.

स्वस्त आणि चांगली, असं दोन्ही कुठे मिळतं? दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा, अक्षय तृतीया यांच्या आधीचे दोन आठवडे बघा. मुहूर्तावर नवी गाडी घरी आणायची असते, जुनीला सोसायटीत पार्किंग उरत नाही, आणि शोरूमने एक्स्चेंजला दिलेला भाव मालकाच्या मनाला लागलेला असतो. त्या भावावर पंधरा-वीस हजार जास्त दिलेत तरी तुम्ही बाजारभावापेक्षा खालीच असता. एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी गाडी दिल्यावर शोरूम देतं ती जादा सूट, जाणार असेल तर तेवढा हिशोब मालक धरणारच, म्हणून तो आकडा सरळ विचारून घ्यावा. डिसेंबरअखेर घासाघीस चांगली होते, कारण 1 जानेवारीला गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली, तरी बरेच विक्रेते अजून जुन्या शोरूम भावावरून आपला भाव काढतात. त्यांना नव्या गाडीचं आजचं कोटेशन दाखवा.

दिल्ली पासिंगच्या गाड्या फार स्वस्त दिसतात. तिथे 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्यामुळे त्या बाहेरच्या राज्यांत येतात. महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं आलं. हे धरलं की फायदा विरघळतो.

गाडी बघायला जाताना मालकाला एकच विनंती करा: आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. बॉनेट उघडून इंजिनवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. थंड इंजिन स्टार्ट होताना सगळं बोलतं. पहिल्या सेल्फला लागायला हवं. पहिली काही सेकंदं चेनचा खळखळाट आला आणि टिकून राहिला तर टेन्शनर किंवा ऑइलची हेळसांड. मागे निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आयडलिंगला एखादा सिलिंडर मिस होत असेल, म्हणजे स्टिअरिंगला अनियमित हादरा बसत असेल, तर प्लग किंवा इग्निशन कॉइल असू शकते. पण सीएनजीवर दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हचाही संशय घ्यावा. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्हच्या सीटला पेट्रोलसारखा ओलावा मिळत नाही. सीट हळूहळू झिजते, क्लिअरन्स कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं. मेकॅनिककडून तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे, आणि हेड उघडायचा खर्च त्याच्या कितीतरी पट. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं थरथरतं, ते वेगळं. ती थरथर ठेक्यात असते आणि रेस दिली की जाते. रेस देऊनही डॅशबोर्ड कापत राहिला तर इंजिन माउंटिंग गेलंय.

खिशात ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) ठेवा, हजाराच्या आत मिळतो. त्यात एरर कोड नाही म्हणून खूश होऊ नका, "रेडिनेस मॉनिटर", म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते बघा. ते अपूर्ण दाखवत असतील तर कुणीतरी नुकताच कोड पुसलाय किंवा बॅटरी काढलीय. दोन्ही बाबतींत विचारायला हवं.

मीटर मागे फिरवलेला आहे का, हे मीटरकडे बघून कळत नाही. मारुतीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवर जुनी नोंद निघते, मालकाला सोबत घेऊन ती पाहा. 2017 ला 62 हजारांची नोंद आणि आज मीटरवर 58 हजार, असे प्रकार तिथेच पकडले जातात. क्लच पेडलचं रबर, गिअर नॉब, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड यांची झीज मीटरशी जुळायला हवी. वॅगनआर टॅक्सीलाही भरपूर चालली आहे. पिवळ्या पाटीची गाडी रीतसर खाजगी करून घेता येते, त्यात बेकायदा काही नाही, पण ती तीन-चार लाख किलोमीटर पळालेली असू शकते. आरसीचा जुना इतिहास बघा.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट पुरतो. शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग स्वच्छ धुता येतो, पण रिळातल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. मग सीटखालचे बोल्ट आणि फ्यूज बॉक्सच्या पिना बघा. 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांपैकी काही दुरुस्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या, त्यामुळे त्या भागातल्या पासिंगची गाडी असेल तर ही तपासणी सोडूच नका. कोकण किनाऱ्याची गाडी असेल तर गंज: दारांच्या खालच्या कडा, बॅटरीचा ट्रे, डिकीचा तळ.

आणि सीएनजीची पाटी. भरायच्या नोझलजवळ किंवा बॉनेटखाली हायड्रो टेस्टची तारीख असलेली प्लेट असते. टेस्ट दर तीन वर्षांनी लागते आणि तारीख उलटली की पंपावर गॅस देत नाहीत. आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" असं नोंदलेलं हवं. बाहेरून बसवलेलं किट आणि आरसीवर फक्त पेट्रोल असेल, तर अपघातात क्लेम अडकणार हे धरून चाला.

आता वापर. शहरात एसीसह किलोला 20 ते 22 किलोमीटर, हायवेला 80-90 च्या वेगात 25 पर्यंत. कंपनीचा 26.6 चा आकडा एकट्याने, एसी बंद ठेवून हायवेला जवळपास मिळतो. टाकी 60 लिटरची म्हणतात, ती पाण्याची क्षमता. गॅस प्रत्यक्षात साडेसात ते साडेआठ किलो बसतो, म्हणजे 160 ते 200 किलोमीटर. उन्हाळ्यात दुपारी भरलात तर कमी बसतो, कारण भरताना गॅस तापतो आणि प्रेशर लवकर पूर्ण दिसतं. सकाळी लवकर भरा, रांगही छोटी असते. पेट्रोलचा अ‍ॅव्हरेज शहरात 15-16.

घाटात चार माणसं आणि एसी असेल तर गॅसवर दुसऱ्या गिअरखेरीज इलाज नाही. खंबाटकीच्या पायथ्याला स्विच पेट्रोलवर करावा, गाडी आणि माणसं दोघंही सुखी राहतात. एरवीही आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि पेट्रोलच्या टाकीत पाच-सात लिटर कायम ठेवा. नुसती गॅसवर फिरवलेल्या गाड्यांचे पेट्रोल इंजेक्टर चोंदतात, पंप कोरडा चालून जळतो, आणि मग थंडीत सकाळी गाडी लागत नाही म्हणून बॅटरी बदलली जाते.

गॅसवर बदलताना झटका बसायला लागला तर सर्वात आधी प्लग आणि एअर फिल्टर. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची गॅप वाढली की पेट्रोलवर कळत नाही पण गॅसवर गाडी अडखळते, आणि तसंच चालवत राहिलं की कॉइल जाते. तीन प्लग चारशे रुपयांत येतात, 20 हजार किलोमीटरला बिनबोभाट बदला. त्याच वेळी थ्रॉटल बॉडी साफ आणि गॅसचा लो प्रेशर फिल्टर नवा. बाकी सर्व्हिसिंग 10 हजार किलोमीटरला: तीन लिटर ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, मजुरी धरून बाहेरच्या गॅरेजला साडेतीन हजार.

खटकणाऱ्या गोष्टी: डिकी नाहीच, सिलिंडरपुढे एक हँडबॅग जेमतेम. स्टेपनी सिलिंडर न हलवता निघते का, हे घेतानाच बघा. 145/80 आर 13 चे बारीक टायर पावसात जोरात ब्रेक मारला की घसरतात, आणि या काळातल्या बऱ्याच एलएक्सआय गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅगही नाहीत. सतत हायवे असेल तर ही गाडी घेऊ नका. थोडे जास्त घालून 2019 नंतरची घ्या, तिच्यात एबीएस आणि ड्रायव्हर एअरबॅग आहे.

हिशोब असा. सीएनजी 90 रुपये किलो, पेट्रोल 104 रुपये लिटर, वर्षाला 12 हजार किलोमीटर असं धरलं आहे. गॅस 4.30 रुपये प्रति किलोमीटर. सर्व्हिसिंग 35 पैसे. टायर 40 हजार किलोमीटर टिकतात असं धरून 30 पैसे. हायड्रो टेस्ट 7 पैसे. इन्शुरन्स 58 पैसे. किरकोळ दुरुस्तीला वर्षाला 12 हजार बाजूला, म्हणजे 1 रुपया. आणि जे कुणी मोजत नाही ते घसारा: दोन ऐंशीला घेऊन चार वर्षांनी एक साठला विकली तर 2.50 रुपये. एकूण सव्वानऊच्या आत, 9.10. यात घसारा आणि दुरुस्ती मिळून साडेतीन रुपये आहेत, गॅसच्या खर्चाच्या जवळपास. अ‍ॅव्हरेज एखाद्या किलोमीटरने वाढवण्यापेक्षा घेताना वीस हजार कमी करणं सोपं आहे आणि फायदाही साधारण दुप्पट.

पेट्रोल घ्यावी की सीएनजी? पेट्रोलवर इंधन साडेसहा रुपये पडतं, म्हणजे किलोमीटरला 2.20 चा फरक. जुन्या बाजारात सीएनजीसाठी पन्नास हजार जास्त मोजले तर ते वसूल व्हायला जवळपास 23 हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार चालत असेल तर दोन वर्षांच्या आत. चारशे चालत असेल तर पावणेपाच वर्षं, आणि मधे हायड्रो टेस्टही येणार. अशांनी पेट्रोल घ्यावी, डिकीही मिळेल.

कागदपत्रांत आरसीची मुदत बघा: नोंदणीपासून 15 वर्षं. 2012 ची गाडी घेतलीत तर 2027 ला री-पासिंग. त्यात पाच हजार फी, फिटनेस आणि पर्यावरण कर असतो, आणि विक्रीचा भाव त्याच्या वर्षभर आधीच पडतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30. थकलेली ई-चलनं आणि नसलेली एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी इथेच आडवी येते, तेव्हा दोन्ही विक्रेत्याच्या खर्चाने आधी करून घ्या. इन्शुरन्स 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियमचा थोडा फरक भरावा लागतो. व्यवहारातले दहा-पंधरा हजार ट्रान्सफर होईपर्यंत मागे ठेवायचं लेखी ठरवा आणि ऑनलाइन आरसीवर आपलं नाव दिसल्यावरच ते द्या.