300 मीटर म्हणून विकलेला दोरा

मासेमारीच्या रीळावर दुकानातच दोरा भरून घेत असाल, तर माझं काय झालं ते आधी वाचा. चार महिन्यांत माझे 5,450 रुपये गेले आणि तेवढे दिवस मी दोष माझ्याच हाताला देत राहिलो.

रीळ 2500 आकाराचं. नायलॉन काढून ब्रेडेड लाईन (बारीक तंतूंचे पदर वेणीसारखे विणलेला दोरा, थोडक्यात 'ब्रेड') घालायची होती, म्हणून नागपुरातल्या एका दुकानात गेलो. "जपानी माल, आठ पदरी, 0.16 मिलिमीटर, पूर्ण 300 मीटर," असं म्हणत दुकानदाराने मोठ्या गुंडाळीवरचा सुटा दोरा ड्रिल मशीन लावून भराभर भरला, पार काठापर्यंत. 1,800 रुपये घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कायले पाहिजे भाऊ, आपण इथंच आहो ना."

कन्हान नदीच्या काठावर तिसऱ्याच फेकीला पाच-सहा वेढे एकदम सुटले आणि रॉडच्या पहिल्या कडीत गोळा होऊन अडकले. दुकानात परत गेलो. "तुमचा हात सैल पडून राहिला," म्हणत त्याने 450 रुपयांचा स्प्रे दिला. गुंता होतच राहिला. मग "हे रीळ ब्रेडला चालत नाही" म्हणून 3,200 चं नवं रीळ गळ्यात मारलं आणि तोच दोरा त्यावर चढवला, पुन्हा काठोकाठ. त्याच रीळावर एक चांगली मरळ लागली होती. गाठ कडीत अडकली, दोरा तुटला, मासा तोंडात गळ घेऊन गेला. त्याचं वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटतं.

हे सगळं उघडकीला आलं ते शेजारी बसलेल्या एका पोरामुळे. "काका, तुमचा दोरा बुडून राहिला. माझा पाहा." त्याचा पाण्यावर तरंगत होता. अशी ब्रेडेड लाईन बहुतेक पॉलिथिलीनच्या तंतूंची असते आणि ती पाण्यापेक्षा हलकी, घनता सुमारे 0.97. नायलॉनची 1.14, पॉलिएस्टरची 1.38, म्हणून ते बुडतात. (तपासताना तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून आतली हवा काढून टाका, नाहीतर कुठलाही दोरा थोडा वेळ तरंगेल.)

घरी येऊन पेन्सिलीवर 20 वेढे एकाला एक चिकटवून गुंडाळले. 0.16 चा दोरा असता तर रुंदी 3.2 मिलिमीटर भरली असती. भरली 5 च्या वर. चांगल्या कंपनीच्या दोऱ्यातही थोडा फरक निघतो, पण इतका नाही. टोक सुईने उकललं तर पदर चारच. गच्चीवर 5 मीटर अंतरावर दोन खिळे ठोकून सगळा दोरा मोजला. कापून टाकलेले तुकडे धरूनही तो 150 मीटरच्या वर जाईना.

पुरावा खरं तर माझ्या हातातच होता. रीळावर छापलेलं असतं: 0.25 मिलिमीटरचा दोरा, 160 मीटर. त्या जागेत 0.16 चा 300 मीटर घातला तर स्पूल (दोरा गुंडाळायची रीळाची चकती) भरतच नाही, खाली नायलॉनचा थर द्यावा लागतो. काठोकाठ भरलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आणि गुंता त्या भरण्यातूनच होत होता. ब्रेड ताण देऊन भरावी लागते, ओल्या फडक्यातून चिमटीत धरून. सैल भरली की वरचे वेढे खालच्यांत रुततात आणि फेकताना ओढले जातात. काठापासून 2-3 मिलिमीटर जागा सोडायची. नुसत्या गुळगुळीत स्पूलवर ही लाईन घसरते, म्हणून आधी थोडं नायलॉन. फेकल्यावर रीळावरची तारेची कमान (फेकताना उघडतात ती) हाताने बंद करायची, सैल दोरा बोटाने ओढून ताठ करायचा आणि मगच हँडल फिरवायचं. आता त्याच जुन्या रीळावर त्या पोराने सुचवलेला बंद पाकिटातला दोरा मी स्वतः भरला आहे. दीड महिन्यात एकदाच गुंता झाला, तोही वाऱ्यात.

सुटा दोरा घेऊ नका. पाकिटावर लांबी, किंमत आणि बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव पाहा, आणि बिलासाठी अडून बसा. बिल नसल्याने मी अडकलो होतो, पण रिळाचे पैसे मोबाईलवरून दिले होते, ती नोंद सापडली. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार दिली आहे, माप कमी दिल्याबद्दल वैधमापन खात्याकडे वेगळी देणार आहे. तो सगळा दोरा गाठींसकट पिशवीत जपून ठेवला आहे.