पाण्यातली म्हणून विकलेली झाडे

साठ लिटरच्या टाकीतील प्लॅस्टिकची झाडे काढून खरी झाडे लावायची, असे गेल्या दिवाळीनंतर मी ठरवले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया झाडे शोषून घेतात, उजेडात प्राणवायू सोडतात आणि पिल्लांना आडोसा देतात, हे मी वाचले होते आणि ते खरेही आहे. पुण्यातील ज्या दुकानातून मासे आणले होते, तेथील दुकानदाराने १,८५० रुपयांत लकी बांबूच्या चार काड्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचे एक झुडूप आणि गवताच्या सहा जुड्या बांधून दिल्या. "सगळी पाण्यातलीच झाडं आहेत, ताई. आता पाणी बदलायचीही कटकट नाही," असे आश्वासन त्याने वर दिले.

तीन आठवड्यांत पाने पिवळी पडली. विचारायला गेले, तेव्हा तो म्हणाला, "सुरुवातीला पानं गळतातच, सवय झाली की नवी फुटतील." फसले ती इथे, कारण हे वाक्य अर्धे खरे आहे. पाण्याबाहेर वाढवलेली खरी जलवनस्पती पाण्याखाली लावली, की तिची जुनी पाने सडतात. पण तिच्यावर लवकरच कोवळी, पातळ पाने दिसू लागतात. माझ्याकडे एकही नवे पान आले नाही.

पुढे गप्पी आणि प्लॅटी मिळून असलेल्या चौदा माशांपैकी काही पहाटे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकू लागले. दुकानदाराने ही बुरशी असल्याचे सांगून निळे औषध विकले. त्याने पाणी निळे झाले आणि दोन दिवसांत तीन मासे गेले. अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे फिल्टरमधील जिवाणू अशा औषधाने मरू शकतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

शेवटी एक झाड उपटून पाहिले. बुडखा तपकिरी, बुळबुळीत झाला होता, बोटांत धरताच त्याचा लगदा झाला आणि सडक्या पाल्याचा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहिला. चाचणीच्या संचात अमोनिया, जो शून्य असायला हवा, दोन मिलिग्रॅम प्रतिलिटर निघाला. आमचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे तेवढाच अमोनिया अधिक घातक ठरतो. शिवाय सडणारा पाला पाण्यातील प्राणवायू खात राहतो आणि रात्री झाडे स्वतःही प्राणवायू वापरतात, म्हणून माशांची तगमग पहाटे सर्वांत जास्त दिसे.

तेच गवत मला आमच्या सोसायटीच्या बागेत वाफ्याच्या कडेला सापडले. माळ्याने त्याला मोंडो ग्रास म्हटले. पट्ट्यांचे झुडूप आणि लकी बांबू या दोन्ही ड्रॅसिना, म्हणजे जमिनीवर वाढणाऱ्या शोभेच्या वनस्पती होत्या. लकी बांबूची मुळे पाण्यात आणि पाने हवेत राहिली तर तो टिकतो, पूर्ण बुडवला तर मात्र सडतो. (नावात बांबू असला, तरी तो बांबूही नव्हे.)

खरेदीपूर्वी फांदी पाण्याबाहेर धरून पाहावी. कॅबोम्बा किंवा हॉर्नवर्ट यांसारख्या खऱ्या जलवनस्पती लगेच लुळ्या पडतात, तर बागेतले झाड ताठ उभे राहते. ही परीक्षा प्रत्येक झाडाला लागू पडत नाही, कारण अनुबियास आणि जावा फर्न पाण्यातही तगतात, तरी त्यांची पाने जाड असतात. म्हणून झाडाचे नाव बिलावर लिहून घ्यावे आणि ते नाव घरी तपासून मगच टाकीत लावावे. मला बिलावर फक्त "प्लांट्स" एवढेच लिहून मिळाले होते, त्यामुळे पैसे परत मागताना हातात काहीच नव्हते.

सडलेले सारे काढून, क्लोरीन घालवलेल्या पाण्याने रोज थोडे थोडे पाणी बदलत नऊ मासे वाचवले. आता टाकीत एका हौशी शेजाऱ्याने फुकट दिलेले हॉर्नवर्ट आहे आणि ते इतके वाढते, की दर पंधरा दिवसांनी छाटून मलाच कुणाला तरी द्यावे लागते.