जुन्या अ‍ॅम्बॅसॅडर रिळाचे तेल-ग्रीस : एका हंगामाच्या वापरानंतर

स्वीडनमध्ये बनलेले आबू कंपनीचे अ‍ॅम्बॅसॅडर ६५००सी हे मासे गरवायचे रीळ काकांच्या बोटीवरच्या नोकरीमुळे आमच्या घरात आले. त्याच्या पायावर कोरलेल्या क्रमांकाची सुरुवात ७८०८ अशी आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे, म्हणजे ते ऑगस्ट १९७८चे ठरते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ते पूर्ण उघडून साफ केले आणि शिमग्यापर्यंत रत्नागिरीच्या खडपांवर व खाडीच्या तोंडाशी जिताडा, तांबोशी गरवायला वापरले.

उघडले तेव्हा आत काळपट, चिकट थर होता. आपल्याकडे अनेक जण हाताशी असलेले खोबरेल तेल रिळात सोडतात. ते जुने झाले की चिकटते आणि पौषातल्या पहाटे तर थिजूनच बसते. हा थर रॉकेल व जुन्या टूथब्रशने निघाला. ड्रॅगच्या (मासा ओढू लागला की गळाची दोरी आवरत सोडणाऱ्या ब्रेकच्या) मूळ चकत्या कडक झाल्या होत्या, त्यामुळे त्या जागी कार्बनच्या बसवल्या आणि त्यांना रॉकेलचा स्पर्शही होऊ दिला नाही.

दातेरी चाकांना बोटीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे निळे मरीन ग्रीस लावले. ते पाण्याने सहज धुतले जात नाही, ही त्याची खरी किंमत आहे. हंगामाच्या मध्यावर रीळ पुन्हा उघडले, तेव्हा चाकांवरचे ग्रीस निळेच होते, मात्र हँडलच्या दांड्याजवळचे दुधाळ पांढरे झाले होते. ग्रीसमध्ये पाणी मिसळल्याची ही खूण असल्याने तेवढा भाग पुसून नव्याने भरला. ग्रीस जाड थापले की हँडल जड फिरते. दातांच्या खाचांत पातळ थर राहील एवढे पुरते. स्क्रूंच्या आट्यांनाही हेच ग्रीस हवे, कारण अ‍ॅल्युमिनियमची बाजूची ताटली आणि दुसऱ्या धातूचा स्क्रू यांच्यात खारे पाणी शिरले की अ‍ॅल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू कायमचा अडकतो.

स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळते त्या चाकाच्या, बेअरिंगमध्ये मात्र ग्रीस घालू नये, फेक आखडते. तेथे मी शिवणयंत्राचे तेल वापरले. ते स्वस्त आणि पातळ आहे, फेक मोकळी होते, पण टिकत नाही. दर वेळी रीळ धुऊन वाळल्यावर एकेक थेंब द्यावाच लागतो. रिळासाठीचे खास कृत्रिम तेल जास्त टिकते, परंतु त्याची चिमुकली बाटली ज्या भावाला पडते त्या मानाने फरक मला पटला नाही. शिस्त नसणाऱ्याने मात्र तेच घ्यावे.

तंगूस (गळाची दोरी) स्पूलवर सारखा पसरवणाऱ्या आडव्या स्क्रूलाही तेलच द्यावे. तो उघडा असतो. ग्रीस लावले तर वाळूचे कण त्यात चिकटतात आणि त्याच्या खाचेत फिरणारी छोटी जीभ घासली जाते. फेकीवर आवर ठेवणारे केंद्रोत्सारी ब्रेकचे ठोकळे आणि ते ज्या कड्यावर घासतात ते कडे कोरडेच ठेवावे. तेथे तेल पोचले की ब्रेक धरत नाही, स्पूल सुसाट सुटतो आणि तंगूसचा असा गुंता होतो की उरलेली भरती तो सोडवण्यातच जाते. ड्रॅगच्या कार्बन चकत्यांना ड्रॅगसाठीचेच ग्रीस अगदी पुसट लावले. त्यानंतर मोठ्या माशाच्या ओढीतही तंगूस झटके न देता सुटला. साधे ग्रीस या कामाचे नाही.

धुण्याबाबत सांगायचे तर, पाण्याचा जोरदार फवारा मीठ आत ढकलतो. मी ड्रॅग घट्ट करून हलक्या धारेखाली रीळ धुतो, फडक्याने पुसून सावलीत वाळवतो आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करतो, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत.

या हंगामात गंज फक्त एका बेअरिंगच्या कडेला दिसला. ते स्टेनलेसचे असूनही खाऱ्या हवेने त्याला सोडले नाही. आडव्या स्क्रूतली जीभ टोकाला झिजली आहे. सी मालिकेची रिळे पुढेही बनत राहिल्याने तिचा सुटा भाग अजून मिळतो, तो पावसाळ्यात बदलायचा आहे.