लोकांच्या नजरेची भीती: गोलात उभं राहावं की डोळे मिटावेत?

वरातीत कुणी नाचायला हात धरून ओढलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यातलीच मी. डान्स मूव्हमेंट थेरपीकडे, म्हणजे शरीराच्या हालचालींतून मनावर होणाऱ्या उपचाराकडे, वळले तेव्हा समोर दोन घराणी होती, आणि मी निवडताना चुकले.

एक घराणं मेरियन चेस यांचं. वॉशिंग्टनमधल्या या नृत्यशिक्षिका १९४२मध्ये सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात काम करू लागल्या. सगळे गोलात उभे राहतात. कुणी खांदा हलवला की थेरपिस्ट तोच ठेका स्वतःच्या अंगात घेते आणि गटात फिरवते. पाठ करायच्या स्टेप्स नसतात.

दुसरं मेरी व्हाइटहाउस यांचं, कॅलिफोर्नियातलं, मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचारांवर उभं राहिलेलं: ऑथेंटिक मूव्हमेंट. एकजण डोळे मिटून आतून येईल तसा हलतो, नाही आलं तर स्वस्थ बसतो. दुसरा असतो साक्षीदार, म्हणजे नुसता बघणारा. तो शेवटी ‘छान केलंस’ म्हणत नाही. काय दिसलं आणि बघताना स्वतःला काय वाटलं, तेवढंच सांगतो.

लाजऱ्या माणसाला हे दुसरं घराणंच सोपं वाटणार. मलाही वाटलं. पण डोळे मिटले की बाहेरची नजर जाते आणि आतला परीक्षक उठून बसतो. वीस मिनिटं मी त्याचीच बोलणी खाल्ली.

मग गोलात गेले. नुसती उभी होते, बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. थेरपिस्ट ताईंनी तो चाळा उचलला आणि बघता बघता दहा-बारा माणसं हवेतली ओढणी पिळू लागली. आधी राग आला, चिडवतायत की काय! पण कुणी हसत नव्हतं. मी लपवत होते तेच सगळ्यांनी आपलंसं केलं होतं. हा स्वीकार उसना असतो, मान्य. सुरुवातीला उसनाच चालतो.

म्हणून माझं मत: चारचौघांची धास्ती असेल तर आधी गोल. आपल्याच शरीराशी जुनं भांडण असेल तर काही महिन्यांनी ऑथेंटिक मूव्हमेंट; तिथे ते भांडण खरंच ऐकू येतं. अत्याचार किंवा मोठा आघात सोसलेल्यांना डोळे मिटणंच असह्य होऊ शकतं, तेव्हा डोळे उघडे ठेवू देणारी थेरपिस्ट बघा. झुंबा मी तुलनेत धरतच नाही. व्यायाम उत्तम, पण भिंतभर आरसा!

पाटीवर ‘थेरपी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. आपल्याकडे कोलकाता संवेद ही संस्था तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत हेच काम करते आणि टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर तिने मुंबईत डिप्लोमाही चालवला आहे. तेव्हा प्रशिक्षण कुठे झालं, गटात माणसं किती, मधेच थांबलं तर चालेल का, हे फोनवरच विचारा. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने सोडू नका. आणि मोजे काढूनच उभं राहा, फरशीवर पाय सरकतात.